हौसेला मोल असतं

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण ज्याने कोणी पहिल्यांदा उच्चारली, त्याच्या घरचा महिन्याचा हिशोब नक्कीच दुसरं कुणीतरी लिहीत असणार. हौसेला मोल असतंच. ज्याची हौस असते त्याला ते दिसत नाही, एवढंच. घरातलं दुसरं माणूस ते देतं, थोडं थोडं करून, रोज. आणि त्याची पावती कुणी फाडत नाही.

हे सगळं सुचलं ते मोटारींवरून. गेल्या काही वर्षांत हैदराबादमधल्या आपल्या समाजात एक नवी हौस शिरली आहे. पुढे पाच माणसांची केबिन, मागे मालाचा उघडा हौदा, जमिनीपासून हातभर उंच पायरी आणि समोर भिंतीसारखं बॉनेट. पिकअप ट्रक. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली, ती शेजारच्या आंध्रात श्रीसिटीला बनते. २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली. ज्यांना तेवढं झेपत नाही ते थार घेतात. लग्नाच्या हॉलबाहेर, मंदिराच्या गल्लीत या गाड्या उभ्या दिसतात, आणि भोवती चार पुरुष कौतुकाने टायरला हात लावताना दिसतात. सांगितलेली कारणंही ठरलेली: ‘एकदाच तर आयुष्य आहे’, ‘लेह-लडाख करायचंय’, ‘मजा येते हो काकू चालवायला’.

मजा येत असेल. मला इंजिनातलं काही कळत नाही. मी साधी बी. ए. झालेली बाई. पण घर चालवण्यातलं मला कळतं, तीस वर्षं तेच केलंय. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. घरात एकच गाडी घ्यायची असेल, तर ती घराची असावी. घरातल्या एका माणसाच्या रविवारची नसावी. रोज सकाळी निमूटपणे सुरू होणारी, घरातल्या कुणालाही चालवता येणारी, म्हाताऱ्या माणसाला चढता येणारी, गल्लीत वळणारी आणि कर्जाशिवाय नाहीतर थोड्या कर्जात येणारी गाडी घ्या. हे बोलणं जुनाट वाटत असेल तर वाटू द्या.

माझा राग ट्रकवर आहे असं कुणी समजू नये. पहाटे गुडीमल्कापूरच्या बाजारात फुलं आणि भाजी उतरवणारी पिकअप, बेगम बाजारातून किराण्याची पोती नेणारा ‘छोटा हाथी’, यांना माझा नमस्कार आहे. टाटांनी तो छोटा हाथी, म्हणजे एस, २००५ मध्ये आणला, आणि हातगाडी ओढणारी कितीतरी माणसं त्याच्यावर मालक झाली. आपण सोलापूरच्या रस्त्याला लागलो की झहीराबाद लागतं. तिथे महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. ती कामाची वाहनं. त्यांच्या हौद्यावर ओरखडे असतात, आणि ते शोभतात. जो हौदा मालाचा स्पर्श होऊ नये म्हणून झाकून ठेवला जातो, रविवारी शांपूने धुतला जातो आणि ज्यात वर्षभरात एकदा गणपतीची मूर्ती नाहीतर पुतण्याची सायकल चढते, त्या हौद्याबद्दल मी बोलते आहे. कष्टकऱ्याचं वाहन शोभेसाठी दारात बांधायचं, हा प्रकार मला मुळात विचित्र वाटतो.

तशी हैदराबादला वाहनांची शान नवी नाही. चौमहल्ला राजवाड्यात पिवळी रोल्स-रॉइस ठेवलेली आहे, आपण सगळ्यांनी पाहुण्यांना ती दाखवली आहे. सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खानाने, ती मागवली. गाडी येण्यापूर्वीच १९११ मध्ये तो वारला. आत सिंहासनासारखी बैठक. ही गाडी आयुष्यात फारच थोडे मैल धावली. तिचा वापर झाला तो खास सोहळ्यांपुरता. त्याचा मुलगा मीर उस्मान अली खान १९३७ मध्ये ‘टाइम’ मासिकाच्या मुखपृष्ठावर जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून झळकला, आणि तोच रोज फिरायला मात्र जुनी खडखडती मोटार वापरायचा, असं या शहरात अजून सांगतात. निजामाचं सगळंच अनुकरणीय होतं असं माझं म्हणणं नाही. पण ज्याच्याकडे गॅरेजभर मोटारी होत्या, त्यालाही रोजची गाडी आणि मिरवायची गाडी यांतला फरक कळत होता. ज्याच्याकडे तळघरात एकच पार्किंग आहे, त्याला तो कळू नये?

आता एका घरात काय झालं ते सांगते. नात्यातलंच घर आहे, नावं सांगत नाही. काचीगुड्याच्या एका जुन्या गल्लीत नव्वदच्या दशकात बांधलेल्या इमारतीत राहतात. मुलगा गचिबावलीला नोकरीला, सून शाळेत शिक्षिका, सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, नात सातवीत. दारात आठ वर्षं जुनी छोटी मोटार होती. ती मोटार कोण चालवत होतं? सून. मुलगा ऑफिसच्या बसने जायचा. सून सकाळी शाळेत जाताना लेकीला सोडायची, दुपारी येताना भाजी आणायची, अष्टमी-चतुर्दशीला सासूबाईंना मंदिरात न्यायची, महिन्यातून एकदा तपासणीला दवाखान्यात. वर्षातून एकदोनदा सगळे मिळून कुलपाकजीला दर्शनाला नाहीतर कुंथलगिरीला.

मुलाला बढती मिळाली आणि छोटी मोटार विकून पिकअप ट्रक आला. पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. पहिल्या रविवारी सुनेने स्टिअरिंग धरलं. सीट पुढे घेतली तरी तिला बॉनेटच्या पुढचं दिसेना. गल्लीच्या तोंडाशी दुधाच्या गाडीला वाट देताना मागे घ्यायची वेळ आली, मागून हॉर्न सुरू झाले, आणि शेजारी बसलेला नवरा म्हणाला, “सोड, तुला नाही जमायचं. मी घेतो.” त्यानंतर तिने ती गाडी चालवली नाही. दहा वर्षं गाडी चालवणारी बाई एका दिवसात प्रवासी झाली. आता ती रिक्षाने जाते. लेकीसाठी शाळेची बस लावली. सासूबाईंना त्या पायरीवर चढता येत नाही. दोघांनी धरून चढवावं लागतं, आणि ते त्यांना लाजिरवाणं वाटतं. म्हणून हळूहळू त्या म्हणू लागल्या, “मंदिरात काय, घरातही देव आहेच की.” हे वाक्य वैराग्यातून आलेलं नव्हतं, गुडघ्यातून आलेलं होतं. घरात ते कुणी ओळखलं नाही.

मागच्या हिवाळ्यात एका रात्री सासूबाईंना धाप लागली. मुलगा कामानिमित्त बंगळुरूला गेला होता. खाली सव्वापाच मीटरांहून लांब गाडी उभी, किल्ली हाताशी, घरात लायसन असलेली बाई. आणि ती बाई शेजाऱ्यांचं दार वाजवत होती. त्यांच्या अल्टोतून सासूबाईंना नेलं. वेळेत पोहोचल्या, म्हणून हे लिहिता येतं आहे.

त्या मुलाला मी दुष्ट म्हणत नाही. तो आईवर माया करणाराच मुलगा आहे. पण गाडी घेताना त्याने कुणाला विचारलं? मित्रांना विचारलं. सेल्समनला विचारलं. मोबाईलवर तासन्‌तास व्हिडिओ पाहिले. जी बाई रोज गाडी चालवणार आणि जी आजी रोज गाडीत चढणार, त्यांना रंग कोणता हवा एवढंच विचारलं.

आमच्या पिढीला चारचाकीचं स्टिअरिंग सहज मिळालेलं नाही. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली किल्ली एका ग्राहकाच्या हातात पडली, आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत किती बायका त्या गाडीवर शिकल्या असतील! त्याआधीच्या ॲम्बॅसिडरचं स्टिअरिंग फिरवायला दंडात बळ लागायचं. मारुती हलकी होती, बुटकी होती, चारही कोपरे नजरेत यायचे. नवऱ्याने ‘तुला जमणार नाही’ म्हणण्यापूर्वीच ती जमून गेलेली असायची. त्या साध्या ७९६ सीसीच्या गाडीने जेवढ्या बायकांना घराबाहेर काढलं, तेवढं कुठल्याही भाषणाने काढलं नसेल. मिळालेलं हे स्वातंत्र्य आता ‘मजा येते’ या दोन शब्दांवर परत द्यायचं?

उंच गाडी बाईला चालवताच येत नाही, असं कुणी यातून काढू नका. आरटीसीच्या बसपासून विमानापर्यंत बायका सगळं चालवतात. प्रश्न सवडीचा आहे. अशी गाडी नीट हातात बसायला महिना-दोन महिने मोकळा रस्ता आणि शेजारी शांत माणूस लागतो. हे दोन्ही आपल्या घरांतल्या बायकांना कधी मिळतं?

आता पैशांकडे येऊ, कारण ‘आमचे पैसे, आम्ही उडवू’ हे उत्तर मला ऐकू येतंय. उडवा, पण आधी मोजा. समजा ट्रकसाठी २५ लाखांचं कर्ज काढलं, ९ टक्के व्याज, ७ वर्षं. महिन्याचा हप्ता ४० हजार २०० रुपयांच्या पुढे. ७ वर्षांत भरले ३३ लाख ७८ हजार. म्हणजे नुसतं व्याजच पावणेनऊ लाखांच्या वर. या व्याजाच्या पैशांत एक चांगली छोटी गाडी रोख घेता येते! तीच छोटी गाडी ६ लाखांच्या कर्जावर घेतली तर हप्ता साडेनऊ हजारांच्या थोडा वर. दोन हप्त्यांमधला फरक महिन्याला तीस हजार. काही घरांत यात मुलीचं शिक्षण होतं. निदान स्वयंपाकघरातली गळती तरी नक्की थांबते, जिला ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं दोन वर्षं ऐकावं लागतं.

इंधनाचा फरक मात्र लोक सांगतात तेवढा मोठा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. महिन्याला हजार किलोमीटर धरा. शहरात छोटी पेट्रोल गाडी लिटरला १५ आणि डिझेल ट्रक १० देतो असं धरलं, तर हैदराबादच्या २०२५ मधल्या १०७ आणि ९५ रुपयांच्या भावाने फरक सुमारे अडीच हजार येतो. पण टायर, विमा, सर्व्हिसिंग ही मंडळी मागून येतात. ट्रकच्या एका टायरच्या पैशांत छोट्या गाडीचे तीन तरी यावेत. करही गाडीच्या आकाराबरोबर चढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्या मोटारींवर ४० टक्के. तेलंगणाचा जीवनकरही गाडीच्या किमतीबरोबर टक्क्यांनी वाढतो. दारात हत्ती झुलावा ही हौस जुनीच आहे. पण पूर्वी हत्ती बाळगणारा निदान कर्ज काढून चारा घालत नव्हता.

पैशांहून मोठी गोष्ट पुढे आहे. आपल्या साधू-साध्वींना ईर्यासमिती पाळावी लागते. समोरची चार हात जमीन पाहत चालायचं, पायाखाली मुंगीही येऊ नये म्हणून. आपण त्यांच्या पायाशी बसतो, डोकं टेकवतो. आणि मग बाहेर येऊन अशा गाडीत बसतो जिच्या बॉनेटपुढची चार हात जमीन बुटक्या चालकाला दिसतच नाही. मुंगीचं सोडा, तिथे उभं असलेलं चार वर्षांचं मूल दिसत नाही! अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेली एक महामार्ग सुरक्षा संस्था आहे. तिने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या जवळजवळ १८ हजार अपघातांचा अभ्यास केला. बॉनेट ४० इंचांहून उंच असलेल्या गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिली, तर तो दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. कारण समजायला इंजिनिअर व्हायला नको. बुटकी गाडी पायाला लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी छातीला लागते, मुलाच्या डोक्याला लागते, आणि माणूस गाडीखाली जातो.

आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, १९.५ टक्के पायी चालणारी. म्हणजे दर दहांतली सहाहून अधिक माणसं उघड्यावरची. आपलेच मुनी आणि साध्वी चातुर्मास संपला की विहाराला निघतात, हमरस्त्याच्या कडेने, पहाटेच्या अंधूक उजेडात, अनवाणी. वाहनाने उडवल्याच्या बातम्या आपण वाचतो, शोकसभा घेतो, ठराव करतो. त्या सभेला आलेल्या गाड्या एकदा बाहेर जाऊन पाहाव्यात.

बारा व्रतांमधलं अनर्थदंडविरमण व्रत आपण पाठ म्हणतो. प्रयोजनाशिवाय हिंसा नको, असा त्याचा साधा अर्थ. संसारात हिंसा पूर्ण टळत नाही हे आचार्यांनाही ठाऊक होतं, म्हणून तर गृहस्थाला अणुव्रतं दिली. चूल पेटवावी लागते, धान्य दळावं लागतं, गाडीही चालवावी लागते. पण ज्या कामाला हजार किलोची गाडी पुरते, त्या कामाला दोन टनांची न्यायची, याला प्रयोजन कुठलं? पर्युषणात हिरव्या भाज्या सोडायच्या, रात्रीचं जेवण सोडायचं, आणि दारात मात्र परिग्रहाचा डोंगर उभा करून त्याला हार घालायचा, हे मला तरी जुळवता येत नाही.

आता उलट बाजूचे मुद्दे. त्यांतला एक खरोखर वजनदार आहे. मोठी गाडी सुरक्षित असते, आमच्या मुलाबाळांचा जीव वाचतो, असं पुष्कळ जण म्हणतात. पत्र्याच्या डब्यात मुलांना बसवा असं मी म्हणणार नाही. २०२४-२५ मध्ये देशात सर्वांत जास्त खपलेल्या वॅगन-आरला २०२३ च्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एकच तारा मिळाला होता. ही लपवण्याची गोष्ट नाही. स्वस्त आणि लोकप्रिय एवढ्यावर गाडी घेऊ नये. पण त्याच संस्थेच्या चाचणीत टाटा पंचला २०२१ मध्ये आणि नव्या डिझायरला २०२४ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, आणि या दोन्ही गाड्या चार मीटरांच्या आतल्या आहेत. म्हणजे सुरक्षिततेसाठी सव्वापाच मीटर लांबी लागत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपही सुरू झालं आहे. रंग विचारण्याआधी तारे विचारा. आणि जी सुरक्षितता शेजारच्या स्कूटरवाल्याच्या जिवावर मिळते, तिला सुरक्षितता म्हणताना थोडं अडखळायला हवं.

दुसरा मुद्दा पावसाचा. ‘काकू, हैदराबादेत पाणी तुंबतं, उंच गाडी पाहिजेच.’ २०२० च्या ऑक्टोबरमधला तो पाऊस आपण कुणीच विसरलेलो नाही. रस्त्यांच्या नद्या झाल्या होत्या, गाड्या काडेपेटीसारख्या वाहत होत्या. त्या रात्रीचा धडा ‘उंच गाडी घ्या’ असा नव्हता. ‘पाण्यात गाडी घालू नका’ असा होता. उंच गाडीवाल्याला खोटं धैर्य येतं आणि तो खरोखरच घालतो. वर्षातल्या अशा चार दिवशी घरी बसावं, नाहीतर मेट्रोने जावं.

तिसरा मुद्दा हौसेचाच. मुलाने एवढं कमावलं, त्याने मजा करूच नये का? जरूर करावी. चार दिवसांसाठी भाड्याने गाडी मिळते, स्वतः चालवायला मिळते. डोंगरात जावं, चिखलात घालावी, फोटो काढावेत, आणि पाचव्या दिवशी परत करावी. चार दिवसांच्या मजेसाठी उरलेले ३६१ दिवस घराने पायरी चढत राहायचं, हा सौदा कुठल्या शहाण्या व्यापाऱ्याने केला असता? आपण तर पिढीजात व्यापारी म्हणवतो!

चौथा मुद्दा कुणी तोंडाने बोलत नाही, पण सगळ्यांत मोठा तोच आहे: लोक काय म्हणतील. स्थळ बघायला आलेले आधी गेटकडे बघतात. मुलाची आई फोनवर गाडीचं नाव दोनदा घेते. इथे मी फक्त पुरुषांना बोल लावणार नाही. ‘त्यांच्याकडे केवढी मोठी गाडी आहे!’ हे वाक्य मी आपल्याच बायकांच्या तोंडून मंदिराच्या ओट्यावर ऐकलं आहे. आपण कौतुक बंद केलं, तर निम्मी हौस आपोआप ओसरेल. पॅरिससारख्या नटव्या शहरातल्या लोकांनी २०२४ च्या फेब्रुवारीत मत देऊन बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट महाग करून घेतलं. शहराच्या मध्यभागी तासाला १८ युरो. तिथे मोठ्या गाडीकडे पाहून लोक कपाळाला आठ्या घालतात. आपण अजून टायरला हात लावतो आहोत.

भरवशाची गाडी म्हणजे काय, तेही एकदा सांगते, कारण जाहिरातीत हा शब्द असतो तो नदी ओलांडणाऱ्या एकट्या पुरुषाच्या चित्राखाली. त्या चित्रात कधी भाजीची पिशवी नसते, डबा नसतो, गुडघे धरून बसलेली आई नसते. माझ्या लेखी भरवसा म्हणजे मे महिन्यात दुपारी दोन वाजता शाळेबाहेर एसीसकट सुरू होणारी गाडी. सोलापूरच्या वाटेवर हुमनाबाद नाहीतर उमरग्याला बिघडली, तर तिथल्या साध्या मेकॅनिकला जिचं पोट उघडता येईल आणि जिचा भाग त्याच गावात मिळेल. वॅगन-आर १९९९ पासून रस्त्यावर आहे. तिच्या दुखण्याची माहिती आता गॅरेजमधल्या पोरालाही तोंडपाठ आहे. असा भरवसा वर्षानुवर्षांच्या वापराने येतो. शोरूममधल्या निळ्या दिव्यांनी येत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी घरात गाडीचा विषय निघाला की चहाचा ट्रे ठेवून आत जाऊ नका. खुर्ची ओढून बसा. गाडी घरात कोण, कुठे, किती दिवस नेतं, ते एका कागदावर लिहा. गल्लीची रुंदी आणि पार्किंगची लांबी टेपने मोजा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शोरूममध्ये घेऊन जा आणि कुणाच्याही हाताशिवाय गाडीत चढायला सांगा. मग तुम्ही चालवून पाहा. सेल्समनच्या मोकळ्या रस्त्यावर नको, आपल्याच गल्लीत, संध्याकाळी सहाला. त्यानंतर हप्ता विचारा, आणि तो सात वर्षांनी गुणून त्याच कागदावर लिहा. हे सगळं झाल्यावरही घरातल्या सगळ्यांना ट्रकच हवा असेल, तर खुशाल घ्या. मी पेढे खायला येईन.

पण निर्णय एकट्याने घेतला असेल आणि कुणी तुम्हाला ‘हौसेला मोल नाही’ ऐकवलं, तर तो कागद त्याच्यापुढे ठेवा. मोल त्यावर आकड्यांत लिहिलेलं असेल. ते देणार कोण, एवढं एक नाव त्याला त्याच्या हाताने खाली लिहायला सांगा.